नॉर्वे आणि आमची मेस

आधीच एक कबुली देते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये असल्यामुळे निबंध, पत्र, भाषण सगळं इंग्रजीतच झालं. 'सार्वभौमत्व' हा शब्द मी तीनदा खोडून लिहिलाय. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी!

विषय आहे नॉर्वे आणि युरोपियन युनियन. पण सुरुवात आमच्या मेसपासून करावी लागेल.

मागच्या सेमिस्टरला मेस कमिटीवर आमच्या विंगमधून कोणी जायचं, हा प्रश्न निघाला. सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मी हात जोडले. दर शनिवारी मीटिंग, वर भाजीवरून भांडणं, कोण डोकं लावणार? महिन्याभरात कमिटीने खाड्यांचा नियम बदलला. आधी सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की पैसे वजा व्हायचे, आता पाच दिवस. मी गणपतीला चार दिवस घरी होते. बिल आलं पूर्ण! तावातावाने सेक्रेटरीकडे गेले, तर ती शांतपणे म्हणाली, "तुला बोलावलं होतं ना गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात सेमिनारसाठी समुद्राखालच्या हाय व्होल्टेज डी.सी. केबल्सवर वाचत होते. वाचता वाचता केबल सुटली आणि नॉर्वे हाताला लागला.

दोनदा 'नाही'

युरोपियन युनियन म्हणजे आज २७ देशांचा संघ. एक बाजारपेठ, सामाईक कायदे, शेतीचं आणि मासेमारीचंही सामाईक धोरण. नॉर्वे याच्या दारात पहिल्यांदा आला तो १९६२ साली, ब्रिटनच्या पाठोपाठ. पण १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनला अडवलं आणि नॉर्वेचा अर्जही बारगळला. १९६७ ला पुन्हा तेच. शेवटी जानेवारी १९७२ मध्ये प्रवेशाच्या करारावर सही झाली. आता फक्त जनतेला विचारायचं बाकी होतं. २५ सप्टेंबर १९७२ च्या सार्वमतात ५३.५ टक्के लोक म्हणाले, नाही! पंतप्रधान ब्रात्तेली यांनी राजीनामा दिला.

बावीस वर्षांनी पुन्हा परीक्षा. या वेळी पंतप्रधान होत्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड. एन्व्हायर्नमेंटच्या पेपरात सस्टेनेबल डेव्हलपमेंटची व्याख्या पाठ करतो ना, ती ज्या १९८७ च्या अहवालातली, त्या आयोगाच्या याच अध्यक्षा. आधी फिनलंड 'हो' म्हणाला, मग स्वीडन. २८ नोव्हेंबर १९९४ ला नॉर्वेची पाळी आली आणि ५२.२ टक्के लोकांनी पुन्हा 'नाही' म्हटलं.

का बरं? एक म्हणजे इतिहास. चारेकशे वर्षं डेन्मार्कबरोबर, मग १८१४ ते १९०५ स्वीडनच्या राजाखाली. 'युनियन' हा शब्दच तिथे जुनी जखम आहे. दुसरं, मासे आणि शेती. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला आपलं पाणी दुसऱ्यांच्या बोटींना उघडं करायचं नव्हतं. राजधानी ओस्लोने दोन्ही वेळा 'हो' म्हटलं, पण किनारा आणि खेडी आपल्या मतावर ठाम राहिली. तिसरं, तेल. १९६९ मध्ये एकोफिस्कचा साठा सापडला. खिशात पैसा असला की 'नाही' म्हणणं सोपं जातं!

कमिटीत नाही, पण पंगतीत

मग नॉर्वे एकटा पडला का? अजिबात नाही. १ जानेवारी १९९४ पासून युरोपियन इकॉनॉमिक एरियाचा करार लागू झाला. त्यात युनियनच्या बाहेरचे नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन आहेत. यामुळे युनियनच्या बाजारपेठेत नॉर्वेला जवळजवळ घरच्यासारखा प्रवेश मिळतो. माणसंसुद्धा नोकरीसाठी खुशाल येतात-जातात. शेती आणि मासेमारीची धोरणं मात्र कराराबाहेर ठेवली आहेत. २००१ पासून नॉर्वे शेंगेनमध्येही आला, म्हणजे सीमेवर पासपोर्टची तपासणी गेली. जकात संघात नसल्यामुळे बाहेरच्या देशांशी वेगळा करार करायची मोकळीक राहिली. भारताशी झालेला करार (१ ऑक्टोबर २०२५ पासून लागू) नॉर्वेने असाच, एफ्टा या छोट्या गटातून केला.

आता बिल बघू. बाजाराचे नियम ब्रुसेल्समध्ये ठरतात, नॉर्वे ते आपल्या कायद्यात घेतो. तज्ज्ञ चर्चेला बसतात, पण मत नाही. २०१२ च्या सरकारी समितीच्या अहवालानुसार, युनियनच्या कायद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नॉर्वेने स्वीकारले होते. तिथे याला 'फॅक्स लोकशाही' असं नावच पडलं. म्हणजे कायदा फॅक्सने येतो, आपण सही करायची! शिवाय गरीब सदस्य देशांसाठी पैसेही द्यावे लागतात. आणि ज्या माशांसाठी बाहेर राहिले, त्यांवर प्रक्रिया करून विकायचं तर जकात जास्त. म्हणून बराचसा सॅमन कच्चाच बाहेर जातो आणि त्याचं काम पोलंड, डेन्मार्कच्या कारखान्यांना मिळतं.

आता माझ्या केबल्स. नॉर्वेत जवळजवळ सगळी वीज पाण्यावर होते. २०२१ मध्ये जर्मनीला आणि ब्रिटनला जोडणाऱ्या, प्रत्येकी १४०० मेगावॅटच्या दोन केबल्स सुरू झाल्या. युरोपात गॅस महागला तसे दक्षिण नॉर्वेत विजेचे दरही भडकले. लोक म्हणाले, धरण आमचं, पाणी आमचं, आणि भाव तुमचा? जानेवारी २०२५ मध्ये युनियनचे ऊर्जा नियम घ्यायचे की नाही यावरून सेंटर पार्टी सरकारमधून बाहेर पडली. जो देश युनियनमध्ये नाही, त्याचं सरकार युनियनच्या नियमावरून फुटतं!

मग बरोबर कोण?

माझी रूममेट म्हणते, "बघ, बाहेर राहून त्यांनी समुद्र वाचवला. कमिटीत गेले असते तर सत्तावीस जणांत त्यांचं कोण ऐकणार होतं?" मुद्दा खरा आहे. पन्नास लाखांवर वस्तीच्या देशाचं मत मोठ्यांच्या गर्दीत बारीकच पडणार. नॉर्वेने किंमत समजून-उमजून सौदा केला, दोनदा लोकांना विचारून. मी मात्र कोणालाच विचारलं नाही, हिशोबही केला नाही. नुसता कंटाळा केला आणि त्याला स्वातंत्र्य म्हटलं. हा फरक मला चार दिवसांच्या खाड्यांनी शिकवला.

बाहेर राहायचं तर जरूर राहावं, पण ताट त्याच मेसमध्ये वाढून घेणार असू तर नियम आपल्यालाही लागणार, हे आधी धरून चालावं. या सेमिस्टरला कमिटीसाठी नाव दिलंय. शनिवारी पहिली मीटिंग आहे. खाड्यांचा विषय मीच काढणार!