छपरावरचा भार : बर्फाचा आणि पाण्याचा

गोंदियात बर्फ पडत नाही. कधीमधी गारा पडतात, तेवढेच. तरीही आपल्याकडील इमारती आखताना जे भारतीय मानक वापरतात, त्याचा एक स्वतंत्र भाग केवळ बर्फाच्या भाराविषयी आहे. 'आय.एस. ८७५' हे ते मानक. ते १९५७ साली प्रथम निघाले, १९६४ साली सुधारले आणि १९८७ साली त्याचे पाच भाग झाले. त्यांतला चौथा बर्फाचा. हिमालयातील घरांसाठी लिहिलेल्या या नियमांशी आपला काय संबंध? हिशेबच करून पाहू या.

१९६४ च्या आवृत्तीत एक सोपा नियम होता. नेमकी माहिती नसेल, तर साचलेल्या बर्फाच्या दर सेंटिमीटर जाडीमागे चौरस मीटरला २.५ किलोग्रॅम भार धरावा. पाण्याचा तेवढाच थर किती भरेल? १०० × १०० × १ म्हणजे १०,००० घन सेंटिमीटर, अर्थात १० किलोग्रॅम. साचलेल्या बर्फात हवा पुष्कळ असते, म्हणून तो पाण्याच्या चौथाई वजनाचा.

२८ जानेवारी १९२२ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथील निकरबॉकर थिएटरच्या सपाट छपरावर असाच बर्फ साचला होता. शहरात सुमारे ७१ सेंटिमीटर बर्फ पडला होता. खेळ चालू असताना छप्पर कोसळले आणि ९८ माणसे दगावली. रचनेत दोष होतेच. ते उघडे पडले या भाराखाली. आपल्या नियमाने तो भार येतो चौरस मीटरला सुमारे १७८ किलोग्रॅम. एवढाच भार पाण्याने व्हायला किती खोल पाणी लागेल? जेमतेम १८ सेंटिमीटर. एक वीतसुद्धा नाही!

आता आपल्या गावाकडे वळू. जुन्या घरांचे कवेलूचे छप्पर उतरते असते. त्यावर पाणी थांबतच नाही. बर्फाचेही तसेच. म्हणून मानकात ३० अंश उतारापर्यंत जमिनीवरील बर्फभाराचा ०.८ पट भार धरतात, ४५ अंशांना ०.४ पट आणि ६० अंशांना शून्य. मात्र दोन छपरे जिथे मिळतात त्या खोलगट पन्हाळीत बर्फ घसरून गोळा होतो, तिथे भार जास्त धरावा लागतो. आपल्या राइस मिलच्या जोडशेडमध्ये नेमकी अशीच पन्हाळ असते, आणि धानाचा कोंडा तिथे जाऊन बसतो. पावसाळ्यात पाणी तुंबायला आणखी काय हवे?

स्लॅबच्या गच्चीला तर चारही बाजूंनी कठडा. म्हणजे ते एक उथळ टाकेच, फक्त पाइपामुळे रिकामे राहणारे. पाइपाच्या तोंडाशी पाने किंवा मुलांचा चेंडू अडकला की संपले. चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाला, तर हवामान खाते त्याला अतिजोरदार म्हणते. तेवढे पाणी तुंबले, तर चौरस मीटरला ११५ किलोग्रॅमहून अधिक भार झाला. १९८७ च्या मानकाप्रमाणे ज्या सपाट गच्चीवर जिना जातो, तिच्यासाठी १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोग्रॅम भार धरतात. जिथे जिना नाही, तिथे निम्माच. पाणी साचण्याजोगी जागा असेल, तर त्या पाण्याचा भार वेगळा काढून दोहोंपैकी जो अधिक घातक, तो घ्यावा असेही त्यात सांगितले आहे.

स्लॅबमध्ये ताकद राखीव ठेवलेली असते, त्यामुळे नियमाचा आकडा ओलांडताच तो पडत नाही. पण जुन्या स्लॅबच्या सळ्या गंजल्या, की ही राखीव ताकद घटत जाते. खालून सिमेंटचे पोपडे सुटू लागले असतील, तर ही शंका घ्यावी.

समजा, वर्ग ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे आणि त्यावर १५ सेंटिमीटर पाणी साचले आहे. ४८ × ०.१५ = ७.२ घनमीटर, म्हणजे ७,२०० किलोग्रॅम. ४० किलोचा एक, असे धानाचे १८० कट्टे तुमच्या डोक्यावर! आता आपल्या शाळेचा हिशेब करा. मोजमाप मात्र पाऊस सुरू होण्यापूर्वी, शिक्षकांना बरोबर घेऊनच करा, आणि पाइपाचे तोंड कठड्यापासून किती खाली आहे तेही टिपून ठेवा.