आठवी नापास क्लीनरलाही ट्रकचा परवाना

आमच्या बीडला कापडाच्या गाठी ट्रकने येतात. कित्येक हुशार क्लीनर आठवी पास नाहीत म्हणून ड्रायव्हर होऊ शकले नाहीत. ती अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढली. आता वय २० पूर्ण हवे, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा आणि डॉक्टरचे प्रमाणपत्र हवे. मग शिकाऊ परवाना, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि आरटीओची चाचणी. मालासह ७,५०० किलोच्या आतील टेम्पोला मात्र हलक्या वाहनाचाच परवाना चालतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. व्यापारी बांधवांनो, ड्रायव्हर ठेवताना परवान्याची मुदत पाहा. ती संपलेली असताना अपघात झाला, तर भरपाई गाडीमालकाच्या अंगावर येऊ शकते. आपल्या ओळखीच्या क्लीनरला हे जरूर सांगा.