कोरियाचा सुक : आधी भाजी, मग औषध



कोरियात वसंत आला की बायका सुरी-टोपली घेऊन शेताच्या बांधावर ‘सुक’ खुडायला जातात. ही आपल्या दवण्याची बहीणच. पानाची खालची बाजू पांढुरकी, लवदार. कोवळी पाने उकळून, पिळून कडवटपणा काढतात आणि तांदळाच्या पिठात कुटून हिरव्या वड्या करतात, किंवा आंबवलेल्या सोयाबीनच्या सारात टाकतात. तिथल्या जुन्या कथेत तर अस्वलीण सुक आणि लसूण खाऊन बाई झाली! जून पाने वाळवून कुटली की कापसासारखी होतात. ती अंगाजवळ जाळून शेक देतात. त्याने भाजते, म्हणून घरी करू नये.

भाजीपुरते ठीक, मला धास्ती वाटते ती काढ्याची. ‘झाडपाल्याने काय होतंय’ म्हणून तो गरोदर बाईला देऊ नये. गर्भाशय आकुंचन पावू शकते. शेवंती-झेंडूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही जपावे. रस्त्याकडेची पाने नकोत, त्यांत शिसे असू शकते. शिवाय कोवळ्या बचनागाची पाने बरीचशी अशीच दिसतात आणि ते जहाल विष आहे. पान चुरगळून सुकचा उग्र वास आणि खालची लव, दोन्ही पाहावे. शंका आली तर टोपलीत टाकूच नये.