सुरवंट लागला? आधी चोळणं थांबवा

पाऊस स्थिरावला की पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे गठ्ठे दिसू लागतात. रात्री पाला खायचा आणि दिवसा खोडाला बिलगून बसायचं, हा त्यांचा क्रम. झाडाला टेकलं, किंवा झाडाजवळच्या गॅलरीत वाळलेला टॉवेल अंगाला लावला, की त्यांचे केस कातडीत रुततात. मग आग होते आणि गांध्या उठतात.

केस आत असेपर्यंत मलमाचा फारसा उपयोग नाही, आणि चोळल्याने ते तुटून आणखी खोल जातात. म्हणून घोंगडीने घासणं, चुना, रॉकेल यांतलं काहीही नको. चिकटपट्टी त्या जागी हलकेच दाबून उचला, दर वेळी नवा तुकडा घ्या. मग वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. खाजेवर कॅलामाइन लोशन पुरतं. फारच खाज असेल, तर एरवी तब्येत चांगली असलेल्या मोठ्या माणसाने सेट्रिझीनची १० मिलिग्रॅमची गोळी घ्यावी, पण नंतर गाडी चालवू नये. मुलं, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मला खरी काळजी वाटते ती डोळ्यांची. केस बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात घुसून हळूहळू आत सरकू शकतो, आणि काही आठवड्यांनीही डोळा पुन्हा लाल होतो. मुलाने डोळा चोळला असेल, तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. घरी चिमटा लावू नका.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये राज्यभर ‘घोणस अळी’ची धास्ती पसरली. ती चावली की माणूस मिनिटांत दगावतो, असे मेसेज फिरत होते. ही अळी चावत नाही. तिचे विषारी काटे टोचतात, वेदना जबर होतात, आणि बहुतेकांना साध्या उपचारांनी आराम पडतो. मात्र श्वास लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली, तर कोणतीही अळी असो, १०८ला फोन करा.

सोसायटीतल्या अळ्या पेटत्या टेंभ्याने जाळू नका, तुटलेले केस हवेत उडतात. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि चष्मा घालून त्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत खरवडून टाका. खोडाजवळ पडलेली कात आणि कोषसुद्धा त्रास देतात, ते झाडण्याआधी पाणी मारून ओले करा.