आळंदीची वाट आणि शकुंतलेचा मार्ग
बंद पडलेल्या ग्रामीण रेल्वेमार्गालगत चिन्हांकित पदपथ : एक अभ्यास

पायी चालणे ही महाराष्ट्राच्या लोकजीवनातील एक जुनी संस्था आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे मुक्काम करीत आषाढी एकादशीपूर्वी पंढरपुरास पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरांची ही वाटचाल लाखो माणसे करतात. परंतु त्यांच्यापैकी क्वचितच कोणाला रस्ता विचारावा लागतो. याचे कारण समजून घेतले तर पदपथाच्या आखणीविषयी पुष्कळ शिकता येते.

वारीतील खुणा

वारीमध्ये मार्गाच्या खुणा जमिनीवर नसून माणसांत असतात. प्रत्येक दिंडीस क्रमांक असतो आणि रथाच्या पुढे वा मागे तिचे स्थान ठरलेले असते. चुकलेल्या वारकऱ्याने आपल्या दिंडीचा क्रमांक सांगितला की त्याला त्याची माणसे सापडतात. निघण्याची वेळ तुतारीच्या इशाऱ्याने कळते. विसावा कोठे, दुपारचे जेवण कोठे, रात्रीचा तळ कोठे, हे परंपरेने निश्चित आहे. गावोगावच्या ग्रामपंचायती पाणी, दिवाबत्ती आणि स्वच्छता यांची तयारी आधीपासून करतात. चालणाऱ्यास दिशा, अंतर, पाणी, सावली व निवारा या पाच गोष्टी लागतात आणि वारीच्या व्यवस्थेत या पाचही गोष्टींचा विचार झालेला आहे.

मात्र ही व्यवस्था वारीच्या दिवसांपुरतीच असते. उरलेल्या काळात याच वाटेने एकटा निघालेला माणूस वाहनांच्या गर्दीत सापडतो. आळंदीचा परिसर आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याने वेढलेला आहे. कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेसाठी आळंदीस पायी येणाऱ्या दिंड्या आणि कारखान्यांची अवजड वाहने यांना येथे एकच रस्ता वापरावा लागतो. चालणाऱ्यास स्वतंत्र वाट हवी, ही जाणीव यातूनच दृढ झाली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दिवेघाट ते मोहोळ या ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या आणि पाटस ते तोंडले-बोंडले या तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसविण्यात आली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पालखीसाठी स्वतंत्र पदपथाची तरतूद करण्यात आली. महामार्गाच्या आराखड्यात पायी चालणाऱ्याला जागा मिळाली, ही घटना महत्त्वाची होय.

नवा रस्ता बांधताना पदपथास जागा सोडता येते. पण ज्या भागात असा महामार्ग होणार नाही तेथे काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर बंद पडलेल्या ग्रामीण रेल्वेमार्गांच्या कडेला मिळू शकते.

शकुंतला : मार्ग आणि त्याची स्थिती

विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अरुंदमापी रेल्वेमार्ग ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जातो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही शाखा ११३ किलोमीटरांची, तर मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरांची आहे. रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणून मुंबई बंदराकडे पाठविणे, हा या मार्गाचा मूळ हेतू. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही या मार्गाची मालकी मूळ खाजगी कंपनीकडे राहिली आणि गाड्या चालविण्याचे काम सरकारी रेल्वेकडे राहिले. १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेल्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत या मार्गावर सेवा दिली. त्यानंतर डिझेल इंजिन आले. २०१६ मध्ये मार्गाच्या रुंदमापी रूपांतराची घोषणा झाली आणि पुढील काही वर्षांत दोन्ही शाखांवरील जुन्या गाड्या थांबल्या.

दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट ही या मार्गावरील गावे. गाडी सावकाश चालत असे. पण शेतमजूर, विद्यार्थी, बाजारहाट करणारे यांना परवडणारे ते एकमेव वाहन होते. गाडी गेली तरी मार्गाचा पट्टा उरतो. तो सलग असतो, त्याचा चढ-उतार सौम्य असतो, आणि तो गावांना गावांशी जोडतो. रेल्वेसाठी केलेल्या या आखणीचे गुण पायी चालणाऱ्यासही उपयोगी पडतात. पट्टा वापराविना राहिला तर काटेरी झुडपे वाढतात, कोठे रूळ उखडले जातात, कोठे शेताचा बांध पुढे सरकतो. एकदा तुटलेला सलगपणा पुन्हा जोडणे फार कठीण असते. म्हणून या प्रश्नात विलंब हा सर्वांत मोठा तोटा होय.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ५१ किलोमीटरांचा बंद रेल्वेमार्ग १९६७ मध्ये पादचारी व सायकलस्वारांसाठी खुला झाला. इंग्लंडच्या डोंगराळ पीक जिल्ह्यात १९६७ साली बंद झालेल्या रेल्वेमार्गावर १९७१ मध्ये टिसिंग्टन पदपथ सुरू झाला. स्पेनने १९९३ पासून जुन्या रेल्वेमार्गांचे ‘हरित मार्ग’ करण्याचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. त्याच स्पेनमध्ये सांतियागोच्या प्राचीन यात्रामार्गावर एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी १९८४ मध्ये पिवळ्या बाणांची खूण रंगविण्यास आरंभ केला. अत्यंत अल्प खर्चाच्या या साध्या खुणेने विस्मरणात चाललेली वाट पुन्हा चालती केली. वाट लोकांच्या उपयोगात येण्यासाठी मोठ्या बांधकामापेक्षा खुणांची सुसंगती अधिक मोलाची असते, असे यावरून दिसते.

रुळांवर नव्हे, रुळांलगत

आपल्याकडील परिस्थिती एका बाबतीत भिन्न आहे. शकुंतलेचा मार्ग पुन्हा सुरू व्हावा, अशी स्थानिक जनतेची आग्रहाची मागणी आहे. पदपथाच्या निमित्ताने रेल्वेचा दावा संपला, अशी शंका लोकांच्या मनात आली तर चांगली योजनाही विरोधास पात्र ठरेल. म्हणून रूळ न काढता, भरावाच्या पायथ्याशी, मार्गालगत वाट आखणे हेच योग्य. रेल्वे परत आली तरी वाट राहील. आणि तोपर्यंत वाटेवरील वर्दळीमुळे पट्ट्यावर लक्षही राहील. रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली अपराध आहे, हेही विसरता कामा नये. लेखी परवानगीवाचून त्या हद्दीत एक दगडही रोवू नये.

आखणीचा क्रम

पहिली पायरी जागेच्या माहितीची. तलाठ्याकडील गाव नकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दर्शविलेले असतात. रेल्वेमार्गास समांतर असे किती जुने पायमार्ग, शिवरस्ते व पांदण रस्ते आहेत याची प्रथम यादी करावी. पुष्कळ ठिकाणी नव्या जमिनीची गरज न पडता हेच तुकडे जोडून वाट तयार होईल. हद्दीविषयी संशय असेल तेथे भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून घ्यावी.

दुसरी पायरी संमतीची. विषय ग्रामसभेपुढे मांडावा. वाटेलगतच्या शेतकऱ्यांच्या शंका साध्या पण खऱ्या असतात : गुरे पिकांत शिरतील काय, बांध मोडेल काय, परके लोक येतील काय? त्यांची उत्तरे ठराव होण्यापूर्वीच द्यावीत. लगतची सर्व गावे एकाच सुमारास ठराव करतील तर मधला दुवा तुटणार नाही.

तिसरी पायरी जमिनीच्या स्वरूपाची. हा प्रदेश काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात ती चिकट होते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून मुरुमाचा दाबलेला थर, मध्ये किंचित उंचवटा आणि कडेने पाण्याचा चर, या तीन गोष्टी अपरिहार्य आहेत. रुळांखालची जाड खडी चालण्यास त्रासदायक असते. ओढ्यावरील रेल्वेपुलांचा वापर टाळावा. वाट खाली उतरवून फरशीवरून न्यावी आणि पुराच्या वेळी वापरावयाचा पर्यायी रस्ता फलकावर दाखवावा.

चौथी पायरी खुणांची. जेथे वाट फुटते त्या ठिकाणी एक खूण आणि फाटा ओलांडल्यानंतर काही पावलांवर खात्रीची दुसरी खूण असावी. खूण दोन्ही दिशांनी येणाऱ्यास दिसावी. संपूर्ण मार्गावर रंग व आकार एकच असावा, आणि तो रेल्वेच्या व रस्त्यांच्या चिन्हांहून वेगळा असावा. अंतराच्या दगडावर पुढील गाव, पाण्याची जागा व दवाखाना यांची अंतरे लिहावीत. फलक वाचता न येणाऱ्यासही खूण कळली पाहिजे, ही तिची कसोटी होय. झाडावर खिळे ठोकू नयेत. दगड, खांब अथवा मोरीचा कठडा वापरावा.

पाचवी पायरी देखभालीची. रंग उन्हापावसाने उडतो, झुडपे वाढतात, दगड कलतात. दर पावसाळ्यानंतर गावच्या शिवेपासून शिवेपर्यंत एकदा चालून पाहणे ग्रामपंचायतीने आपल्या वार्षिक कामांत समाविष्ट करावे. प्रारंभी सर्व १८९ किलोमीटरांचा आग्रह न धरता दोन स्थानकांमधील आठ-दहा किलोमीटरांचा टप्पा करून एक पावसाळा त्याची परीक्षा पाहावी आणि अनुभवानुसार पुढे जावे.

शाळेचा सहभाग

या कामात शिक्षकांना विशेष स्थान आहे. इयत्तेच्या भूगोलात नकाशावाचन, प्रमाण व दिशा हे विषय असतातच. विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमवेत पावलांनी अंतर मोजावे, झाडांची नोंद करावी, विहिरी व ओढे कागदावर दाखवावेत, आणि वृद्धांकडून स्थानकाच्या आठवणी लिहून घ्याव्यात. असा नकाशा आखणीच्या कामी खरोखरच उपयोगी पडतो. शिवाय ज्या मुलांना ही वाट रोज शाळेत जाण्यास लागणार, त्यांनी दाखविलेल्या अडचणी अभियंत्यास कागदावरून दिसत नाहीत.

समारोप

आळंदी आणि शकुंतलेचा मार्ग यांत अंतर मोठे असले तरी त्यांना जोडणारा एक धागा आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे संत गाडगे महाराजांचे जन्मगाव. हाती खराटा घेऊन गावोगाव पायी फिरणाऱ्या या लोकशिक्षकाने आळंदीसारख्या तीर्थक्षेत्री पायी येणाऱ्या गोरगरिबांच्या निवाऱ्यासाठी धर्मशाळा उभ्या केल्या. मूळ प्रश्न पायी चालणाऱ्या माणसाच्या सोयीचा आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले. चिन्हांकित पदपथाची योजना हे त्याच कार्याचे आजच्या काळातील एक लहानसे रूप होय. ज्याच्यापाशी वाहन नाही, अशा विद्यार्थ्याला, मजुराला आणि वृद्धेला आपल्या गावापासून शेजारच्या गावापर्यंत निर्धोकपणे जाता आले, की या योजनेचे सार्थक झाले असे म्हणता येईल.