खासगीपणाची साधने : निवडीचा विचार

‘प्रायव्हसी’साठी मराठीत ‘गोपनीयता’ आणि ‘खासगीपणा’ हे दोन शब्द वापरले जातात. त्यांतील भेद विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. गोपनीयता माहितीची असते, खासगीपणा व्यक्तीचा. आपली कोणती माहिती कोणाला व किती द्यावी, हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे खासगीपणा. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मूलभूत अधिकार मानला. ‘माझ्याकडे लपविण्यासारखे काही नाही’ हे म्हणणे त्यामुळे मुद्द्याला धरून राहत नाही.

साधन निवडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : कोणती माहिती, कोणापासून जपायची आहे? बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर किंवा लोणार येथील विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. प्रवेशअर्ज भरण्यासाठी तो सेवा केंद्रात जातो, आधार कार्ड व गुणपत्रिका तेथील संगणकावर उतरवून देतो, पावती घेऊन निघतो. कागद परत मिळतात. संगणकातील प्रती मात्र तेथेच राहतात.

या विद्यार्थ्याने जाहिरात पाहून व्हीपीएन सेवा विकत घेतली, तर त्याचे पैसे वाया जातील. ही सेवा आपण पाहिलेली संकेतस्थळे इंटरनेट पुरवठादारापासून झाकते. पण तीच माहिती सेवा देणाऱ्या कंपनीला दिसू शकते. विश्वास ठेवण्याची जागा तेवढी बदलते. शिवाय सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा सेवांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षे जतन करावयाची आहे.

त्याच्या कामाचे साधन विनामूल्य आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घेता येते. त्यात क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेले व शेवटचे चार दिसतात. ओळख पटविण्यापुरते ते पुरते. बोटांचे ठसे वापरून कोणी खात्यातून पैसे काढू नयेत, यासाठी बायोमेट्रिक कुलूपही लावता येते. मात्र कुलूप असताना रेशन दुकानातील यंत्रावरही अंगठा चालत नाही. ते तेवढ्यापुरते उघडावे लागते. ज्या घरी दरमहा आजी धान्य आणायला जाते, तिथे हा त्रास लहान नव्हे.

संदेशांबाबतही हाच विचार लागू होतो. व्हॉट्सअॅपचे संदेश २०१६ पासून, तसेच सिग्नलचे संदेश, केवळ पाठविणाऱ्यास व घेणाऱ्यास वाचता येतील अशा रीतीने सांकेतिक केलेले असतात. पण व्हॉट्सअॅपच्या ऑनलाइन साठवलेल्या प्रतीसाठी हे संरक्षण स्वतंत्रपणे सुरू करावे लागते. आणि घरात एकच मोबाइल चार जण हाताळत असतील, तर विद्यार्थिनीच्या दृष्टीने वाटेतील चोरापेक्षा शेजारी बसलेला वाचकच जवळचा असतो. तिला अॅपचे कुलूप किंवा आपोआप पुसले जाणारे संदेश अधिक उपयोगी पडतात. अर्थात, फोनला लावलेले नवे कुलूपच काही घरांत संशयाचे कारण ठरते, हेही तिला जमेस धरावे लागते.

स्वाध्याय : गेल्या सहा महिन्यांत आपण आधारची प्रत कोठे कोठे दिली, याची यादी करा. त्यांपैकी कोठे पूर्ण क्रमांक खरोखर आवश्यक होता, ते सकारण लिहा.