फुलपाखरांच्या सहलीचे पैसे भरण्याआधी

दसरा जवळ आला की गडहिंग्लजमधल्या ओळखीच्या बायका मला हमखास विचारतात, "आंबोलीला फुलपाखरं बघायला जायचं म्हणतोय, कुणाबरोबर जाऊ?" संकेश्वर-बांदा रस्ता आपल्या दारावरून जातो. आजरा मागे पडलं की झाडी दाट होत जाते, आणि चहापाण्याला थांबलं तरी दोन तासांच्या आत आंबोली येते. आपल्या हिरण्यकेशीचा उगमही तिथलाच. एवढ्या जवळच्या गावाला जायला वाटाड्या कशाला, असं वाटणं साहजिक आहे. धबधब्यासाठी तो लागत नाहीच. फुलपाखरांसाठी लागतो, आणि नुसता नावाचा मिळाला तर पैसे जातात ते जातातच, वर जंगलात जाऊन काही न बघता परतल्याची रुखरुख राहते. माझी आणि माझ्या जाऊबाईंची ती राहिली आहे, म्हणून हे सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी महिना बघा. एका आयोजकाने 'पावसाळी फुलपाखरू शिबिर' अशी जाहिरात केली होती, तारखा ऐन जुलैतल्या. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. फुलपाखराला उडायला ऊन लागतं. पंखांचे स्नायू तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. पाऊस कोसळत असेल तर ते पानाखाली निपचित बसून राहतं. आम्ही धुक्यात आणि पावसात भिजलो, जळवा काढल्या, आणि शेवटी हॉलमध्ये बसवून पडद्यावर फुलपाखरांचे फोटो दाखवण्यात आले. पैशांचा विषय काढला तर उत्तर मिळालं, "निसर्ग आपल्या हातात नसतो." खरंच नसतो. पण जुलै की ऑक्टोबर, हे ठरवणं आयोजकाच्याच हातात असतं. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा खरा हंगाम. वळवाच्या आधीच्या कोरड्या दिवसांतही ओढ्याकाठच्या ओल्या जागी फुलपाखरं जमतात.

दुसरी गोष्ट हमीची. "राज्य फुलपाखरू दाखवणारच" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथूनच परत फिरा. ब्लू मॉरमॉनला, म्हणजे आपल्या नीलवंताला, २०१५ साली महाराष्ट्राने हा मान दिला. असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. अशीच हमी देणाऱ्या एका सहलीत बसभर माणसं होती. दुपार झाली तरी नीलवंत कुणाला धड दिसलं नव्हतं. मग वाटाड्याने पिशवीतून जाळी काढली. ओढ्याकाठी बसलेलं एक नीलवंत त्याने पकडलं, दोन बोटांत पंख धरले आणि सगळ्यांना फोटो काढायला सांगितलं. सोडल्यावर ते तिरपं तिरपं उडत झुडपात गेलं. वाटाड्याच्या बोटांवर काळी-निळसर भुकटी राहिली होती. ती भुकटी म्हणजे पंखांवरचे खवले. एकदा गळले की पुन्हा येत नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये फुलपाखरांच्या कितीतरी जाती आहेत, त्यांना पकडणं हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मुलांदेखत हे व्हायला नको होतं. मी तिथेच बोलले, तर "बाई, लोक पैसे देतात ते बघायलाच ना?" असं ऐकून घ्यावं लागलं.

आता चांगला वाटाड्या कसा ओळखायचा ते सांगते, कारण माझ्या मते सगळं त्यावरच आहे. त्याला जातींचा आकडा विचारू नका, झाडं विचारा. नंतर आम्ही आंबोली परिसरातल्याच एका तरुणाबरोबर गेलो. तो अर्धा तास चालवून एका साध्या वेलीपाशी थांबला. ती ईश्वरी, काही जण तिला सापसंद म्हणतात. सदर्न बर्डविंग याच वेलीवर अंडी घालतं. भारतातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू म्हणून बरीच वर्षं त्याचंच नाव होतं, २०२०मध्ये हिमालयातल्या गोल्डन बर्डविंगच्या मादीने तो मान घेतला. वेलीतलं विष अळी अंगात साठवते, त्यामुळे पक्षी सहसा या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत.

एक मादी डोक्यावरून गेली, पंखांचा पिवळा रंग उन्हात चमकला आणि आम्ही सगळ्या तिच्या मागे वळलो. तो हळूच म्हणाला, "काकी, हलू नकात, ता परत येतला." खरंच आली. वेलीभोवती घिरट्या घातल्या, पानाच्या कडेला पाय टेकले, पोट खाली वाकवलं आणि गेली. त्याने पान हात न लावता खालून दाखवलं. ज्वारीच्या दाण्याहून लहान, गोल, तांबूस असं एकच अंडं. बसभर माणसं घेऊन धावणाऱ्याला हे कधी दाखवता आलं नसतं.

त्याच वाटेवर त्याने कॉमन रोज आणि कॉमन मॉरमॉनची मादी शेजारी शेजारी दाखवली. पंख जवळपास सारखे. रोज विषारी, मॉरमॉन नाही, पण तिची काही रूपं रोजसारखी दिसतात म्हणून वाचतात. अंग लाल तर रोज, काळं तर मॉरमॉन, एवढी एक खूण लक्षात ठेवली की पुरे. कॉमन मॉरमॉन तर आपल्या परसातलं आहे. लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी त्याची असू शकते, पुढे ती हिरवी होते. जायच्या आधी घरच्या लिंबावर आठवडाभर नजर ठेवा, डोळा तयार होतो. आणि त्या अळ्यांवर औषध मारू नका.

बाकी बारीकसारीक. पहाटे साडेपाचला उठवणारा आयोजक पक्ष्यांचं वेळापत्रक फुलपाखरांना लावतोय असं समजा. ऊन चढल्यावर, नऊ ते बारा, ही खरी वेळ, त्यामुळे नाश्ता करून निघालं तरी चालतं. सोबतीला आठ-दहा माणसांपेक्षा जास्त नकोत. साधी दुर्बीण जवळचं दाखवत नाही, दोन मीटरवर फोकस होणारी मागून घ्या. लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी जवळ असू द्या. गुडघे दुखत असतील तर स्पष्ट सांगा. ओढ्यातले दगड शेवाळलेले असतात, पण रस्त्याकडेच्या टणटणीवरही तासभर बसून बरंच काही दिसतं. बायकांसाठी स्वच्छतागृह वाटेत कुठे आहे, हे विचारायला लाजू नका. राखीव जंगलात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी कुणी काढली, हेही विचारा.

घाटाच्या पायथ्याचं पारपोली आता फुलपाखरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. आंबोलीतही निसर्ग जाणणारी स्थानिक माणसं आहेत. गडहिंग्लजहून जाणाऱ्यांनी मोठ्या शहरातल्या पॅकेजकडे बघण्याआधी या गावांत चौकशी करावी. दिलेले पैसे तिथल्या घरात गेले तर ती ईश्वरीची वेल तण म्हणून कुणी उपटणार नाही.